बी.एस्सी. नर्सिंगसाठी नेमके कोणते गुण धरतात?

ब-२०३ : नमस्कार. माझी भाची यंदा बारावी सायन्स उत्तीर्ण झाली असून तिला बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश घ्यायचा आहे. सीईटी तिने दिली आहे. बारावीला एकूण ५८ टक्के असल्यामुळे ४५ टक्क्यांची अट ती सहज पूर्ण करते, असे आम्ही धरून चाललो आहोत. या क्षेत्रातील कुणी असल्यास कृपया मार्गदर्शन करावे.

अ-४०१ : ताई, मी परिचारिका आहे, म्हणून सविस्तर लिहिते. ४५ टक्क्यांची अट बारावीच्या एकूण गुणांना नसून भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या तीन विषयांच्या बेरजेला आहे, आणि इंग्रजीत उत्तीर्ण असणे वेगळे आवश्यक आहे. म्हणजे ३०० पैकी किमान १३५ गुण हवेत. अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीयांसाठी ही मर्यादा ४० टक्के, म्हणजे १२० गुण आहे. मराठी आणि इतर विषयांच्या गुणांनी एकूण टक्केवारी वर जाते आणि पालक निर्धास्त राहतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. कृपया आजच गुणपत्रिका काढून बेरीज करा.

ब-२०३ : आत्ताच पाहिले. फिजिक्स ३८, केमिस्ट्री ३५, बायोलॉजी ५६. एकूण १२९ होतात. ती ओबीसी आहे.

अ-४०१ : मग ती पात्र आहे, परंतु केवळ राखीव प्रवर्गातून, त्यामुळे तिच्या बाबतीत कागदपत्रांना गुणांइतकेच महत्त्व आहे. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि मुदतीतील नॉन क्रीमी लेयर हे तिन्ही हाताशी हवेत. वैधता प्रमाणपत्राला वेळ लागतो आणि प्रवेशफेरी कुणासाठी थांबत नाही, म्हणून जात पडताळणी समितीकडे अर्ज केला नसल्यास उद्याच करावा. शिवाय प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात; लवकर शाळेत घातलेल्या मुलांचे कधीकधी इथेच अडते.

क-१०५ : माझ्या मुलाने कॉमर्स घेतले, पण आजीच्या आजारपणात त्याने केलेली शुश्रूषा पाहून त्याने नर्सिंगच करावे असे आम्हाला मनापासून वाटते. त्याला हा मार्ग बंदच समजायचा का?

अ-४०१ : काका, मुळीच नाही. बायोलॉजी नसल्यामुळे बी.एस्सी.ला थेट प्रवेश मिळणार नाही, मात्र तीन वर्षांच्या जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) या पदविका अभ्यासक्रमाला कोणत्याही शाखेचा विद्यार्थी चालतो. बारावीला इंग्रजी आणि किमान ४० टक्के गुण हवेत. जीएनएम करून परिचर्या (नर्सिंग) परिषदेकडे नोंदणी झाल्यावर दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते. आमच्या वॉर्डात मुलगे उत्तम काम करतात. रुग्णाला उचलून कुशीवर वळवताना त्यांची मोठी मदत होते.

ब-२०३ : एका ओळखीच्या गृहस्थांनी थोडी रक्कम भरल्यास खाजगी कॉलेजात जागा पक्की करून देतो असे सांगितले आहे. त्याबद्दल आपले मत काय?

अ-४०१ : कृपया एक रुपयाही देऊ नका. आधी ते कॉलेज नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे का आणि त्याला भारतीय व महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, हे स्वतः तपासा. मान्यता नसलेल्या ठिकाणी चार वर्षे घालवून नोंदणीच नाकारली गेली, तर त्या मुलीला परिचारिका म्हणून काम करता येणार नाही. रविवारी सकाळी मी घरी आहे. भाचीला सर्व मूळ कागदपत्रे घेऊन पाठवा. आपण ती एकत्र बसून तपासू.