मदत हवी आहे : जॅझ त्रयीत कोणीच ठेका धरत नाही, मग सम सापडते कशी?

राम राम मंडळी. मी वडसा भागातला, झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवतो. धान निघालं, दिवाळी झाली की मंडया (गावोगावच्या जत्रा, त्यात आमची नाटकं) सुरू होतात, मग होळीपर्यंत आम्हाला उसंत नसते. उरलेल्या महिन्यांत मी, आमचा ऑक्टोपॅडवाला (त्यानं जुना ड्रमसेट घेतलाय) आणि त्याचा आतेभाऊ, जो बेस गिटार वाजवतो, असे तिघं एका बंद राईस मिलच्या गोदामात बसतो. यंदा जॅझचं वेड लागलंय.

सुरुवात बिल इव्हान्सपासून. पियानोवर तो, बेसवर स्कॉट लफारो, ड्रमवर पॉल मोटियन. २५ जून १९६१, न्यूयॉर्कचं व्हिलेज व्हॅनगार्ड. त्या एका रविवारी पाच बैठका वाजवल्या, मागं पेल्यांची किणकिणसुद्धा ऐकू येते. अकरा दिवसांनी लफारो मोटार अपघातात गेला, वय २५. हे कळल्यावर दोन दिवस मला ते ऐकवलं नाही.

अडचण अशी. बेस म्हणजे दर मात्रेला एक स्वर देत चालणारा, असं आम्ही समजत होतो. लफारो बराच वेळ तसा चालतच नाही. वरच्या सप्तकात जाऊन पियानोशी बोलतो, मध्येच थांबतो. मोटियन ब्रशनं झांज कुरवाळत राहतो. तरी ३२ बार (चार मात्रांचा एक खंड म्हणजे बार) संपले, चालीची एक फेरी झाली की तिघं एकाच जागी उतरतात. चार-चारच्या हिशेबानं १२८ मात्रा झाल्या, त्रितालाची आठ आवर्तनं, आणि खाली-भरी दाखवायला कोणी नाही!

नाटकातली साथ मला कळते. नटानं पदाची ओळ लांबवली की मी स्वर धरून त्याचा श्वास बघतो, तबलेवाला माझ्याकडं बघतो. पण तिथं एक पुढं असतो, बाकीचे मागं. भजनात टाळ असतो. इथं कोण कोणाच्या मागं?

'ऑटम लीव्हज' ही चाल घेऊन बसलो, इव्हान्सच्या त्रयीचं डिसेंबर १९५९चं मुद्रण ऐकून. त्यात मुखडा झाल्यावर बेस आणि पियानो आलटूनपालटून बोलतात, बेस चालायला लागतो तो नंतर. आम्ही तसं करायला गेलो तर दुसऱ्याच फेरीत बेसवाला चार बार पुढं गेला, मी मागं राहिलो आणि ड्रमवाल्यानं दणक्यात ठेका धरला. टिनाचं छत, सगळं घुमलं.

एक गोष्ट मात्र सापडली. आमच्या नाटकात बेस नसतो, म्हणून माझी डावी करंगळी वर्षानुवर्षं कॉर्डच्या (एकत्र दाबलेल्या स्वरांच्या) मूळ स्वरावर बसलेली. इव्हान्स बरेचदा तोच स्वर सोडतो. त्या मूळ स्वरापासून तिसरा, सातवा आणि वरचे रंगाचे स्वर तेवढे दाबतो. बेसला हिंडायला जागा मिळते ती यामुळं. मी करंगळी उचलली आणि दोनच दिवसांत बेसवाला वेगळं वाजवायला लागला. पण आता पाया मलाच दिसेनासा झालाय.

जाणकारांनी सांगावं, आवर्तन मोजता की चाल मनात गात राहता? मी मोजायला लागलो की दुसऱ्याचं ऐकणं बंद होतं. ड्रमनं दर आठ बारांना खूण द्यावी का, आणि दिली तर किती हळू? तिसरं, एक जण चुकला तर बाकीच्या दोघांनी त्याच्याकडं जायचं की आपली जागा धरायची? मला वाटतं, जावं. ड्रमवाला म्हणतो, जागा सोडली तर चुकलेल्याला परत यायला ठिकाणच उरत नाही. यावरून आमचं भांडण होता होता राहिलं.

नागपूरला कोणाकडं बसून शिकता येत असेल तर तेही सांगा, तिघंही येऊ. मोबाइलवर केलेलं सात मिनिटांचं मुद्रण आहे, कोणी ऐकणार असेल तर टाकतो. मंडया लागेपर्यंत वेळ आहे आमच्याकडं.