जिप्सी की जुनी थार? रोज हिंजवडी असेल तर दोन्ही नकोत

जुनी फोर-बाय-फोर हवी, बजेट सहा लाख, सोमवार ते शुक्रवार पुण्यात वाकड-हिंजवडी आणि शनिवारी मुळशीकडचा चिखल, असं तुमचं म्हणणं आहे. बाकी सगळे मारुतीची जिप्सी घ्या म्हणतायत. डोंगरात तिला तोड नाही, मान्य. पण चारही चाकांना पाटे (ट्रकसारख्या पट्ट्यांच्या कडक स्प्रिंगा), बहुतेक गाड्यांना पॉवर स्टिअरिंग नाही, एसी नाही. मे महिन्यात त्या ट्रॅफिकमध्ये तासभर क्लच दाबून बघा, मग बोलू! महिंद्राच्या जुन्या थारला मागे पाटेच आणि मागची सीटं आडवी, समोरासमोर बसायची. घरचे दुसऱ्यांदा बसणार नाहीत.

माझं मत रेनोच्या जुन्या डस्टर एडब्ल्यूडीला, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या डस्टरला. १.५ लिटर डिझेल, मागेही इंडिपेंडंट सस्पेन्शन (प्रत्येक चाक वेगळं खालीवर होतं), त्यामुळे खड्डे पोटात घालते. लो रेंज (अवघड चढासाठीचे जास्त ताकदीचे, हळू गिअर) नाही, पण पहिला गिअर मुद्दाम आखूड दिलाय, चिखलाच्या चढाला पुरतो. मोठ्या दगडांत मात्र घालू नका.

बघायला जाल तेव्हा आधी चारही टायर बघा. मेक, साइज, झीज सारखी हवी. वेगवेगळे टायर घालून पळवलेली असेल तर मागच्या चाकांना ताकद जोडणाऱ्या कपलिंगवर ताण आलेला असतो. मग मोकळ्या मातीत एडब्ल्यूडीचा नॉब 'लॉक'वर टाकून हळू चालवा, मागून कटकट आली तर सरळ नमस्कार करा. गाडीखाली वाकून डिफरन्शियलभोवती (दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) तेल ओघळलंय का तेही बघा.

आणि दिल्लीची स्वस्त डिझेल गाडी दिसली तर हुरळू नका. तिकडे डिझेल गाड्यांना दहा वर्षांची अट लागली होती, म्हणून ती स्वस्त. तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), इथला रोड टॅक्स, पासिंग धरून मग हिशोब करा.