यादी केली म्हणजे झालं असं नाही
प्रत्येक खातं, प्रत्येक दागिना मृत्युपत्रात नावानिशी लिहिला की भांडणाला जागा उरत नाही, असं बरेच जण म्हणतात; मला ते अर्धंच पटतं. यादी लिहिली त्या दिवसापुरतीच खरी असते. माझ्या आत्याने मृत्युपत्रात धाकट्या मुलीच्या नावे फ्लॅट लिहिला होता. पुढे आजारपणात तो विकावा लागला, मृत्युपत्र मात्र तसंच राहिलं. विकलेल्या वस्तूच्या बदल्यात वारसाला सहसा आपोआप काही मिळत नाही. आईने आपल्याला वगळलं, ही सल धाकटीच्या मनातून अजून जात नाही, आणि आत्याचा जीव तर तिच्यावरच जास्त होता.

म्हणून शक्य तिथे वस्तूंऐवजी एकूण मालमत्तेतले हिस्से लिहा. शिवाय नमूद न केलेली, उरलेली मालमत्ता कोणाला आणि ज्याला वाटा दिला तो आपल्या आधी गेला तर त्याचा वाटा कोणाला, ही दोन वाक्यं घालाच.