प्राचीन गव्हाच्या पिठाच्या गार्लिक ब्रेडस्टिक्स मऊ होत नाहीत, तातडीने मदत हवी

पांझराकाठ:
मंडळी, जरा लवकर सांगा. प्राचीन गव्हाच्या पिठाच्या गार्लिक ब्रेडस्टिक्स करतेय आणि दर वेळी खुंट्यांसारख्या बाहेर येतात. गरम असताना बऱ्या लागतात, गार झाल्या की तुटता तुटत नाहीत. हीच पाककृती मैद्याची केली की मस्त होते. शनिवारी पुण्याहून इकडे धुळ्याला भाचे येतायत, त्यांना कबूल करून बसलेय. मैदा वापरा असं कृपया कोणी सांगू नका, घरात मैदा बंद केलाय. बाकी सगळं नेहमीसारखंच केलंय. काय चुकतंय?

ओव्हनवाला:
नेहमीसारखं म्हणजे कसं, ते आम्हाला कसं कळणार? पीठ किती, पाणी किती, यीस्ट कोणतं, किती तापमानाला किती वेळ भाजलं? आणि प्राचीन गहू म्हणजे नेमका कोणता? त्या नावाखाली दुकानदार खपली विकतो, बन्सी विकतो, सोनामोतीही विकतो. तिन्हींचं पीठ वेगवेगळं वागतं.

पांझराकाठ:
पाकिटावर 'प्राचीन गहू' एवढंच मोठ्या अक्षरात आहे. पीठ लालसर आहे. यीस्ट अर्थातच घातलंय. ओव्हन गरम करूनच ठेवते. भाजण्यात काही अडचण नाही, पिठाचं सांगा.

तापीतीर:
मागच्या बाजूला बारीक अक्षरं वाचा ताई. तिथे असतं.

पांझराकाठ:
खपली.

बट्टीप्रेमी:
कायले एवढी खटपट? भाच्यांना बट्टी करून घाला. गव्हाचं जाडसर दळण, थोडं मक्याचं पीठ, ओवा, हळद, तेलाचं कडकडीत मोहन. गोळे उकडायचे, कापायचे, तळायचे. वर फोडणीची तुरीची डाळ आणि सोबत वांग्याची भाजी. यीस्ट नको, ओव्हन नको. पुण्याच्या पोरांना ब्रेडस्टिक्स तिकडे गल्लोगल्ली मिळतात, बट्टी कुठे मिळणार?

पांझराकाठ:
धन्यवाद, पण प्रश्न ब्रेडस्टिक्सचा आहे.

गिरणेचं_पाणी:
खपली म्हटलं म्हणून लिहितो. हा गहू आपल्या खानदेशातला नाही. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि तिकडे बेळगावच्या पट्ट्यातला. आपल्याकडे घरोघरी असतो तो लोकवन, म्हणजे गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारतीत निघालेला लोक-१. खपलीच्या दाण्याला टरफल घट्ट चिकटलेलं असतं, मळणीत सुटत नाही, नंतर सडून काढावं लागतं. म्हणून महाग. पुण्याच्या आघारकर संस्थेने एमएसीएस २९७१ नावाचा बुटका खपली वाण काढलाय, कारण जुनी खपली उंच वाढते आणि वाऱ्यात लोळते. तांबेरा रोगाला तोंड देणारी जनुकं शोधायला परदेशातल्या शास्त्रज्ञांनीही ही आपली खपली नेली होती. ब्रेडस्टिक्समधलं मला काही कळत नाही.

तापीतीर:
भाऊ, माहिती छान आहे, पण ताईंचा शनिवार जवळ आलाय.

खापरावरची:
मी एरंडोलची. पंचवीस-तीस माणसांचे मांडे एका हाती करते, म्हणून हक्काने सांगते. पीठ मऊ होत नाही याचा अर्थ ते तिंबलेलंच नाही. आधी पीठ वस्त्रगाळ करायचं. सैल भिजवायचं, पाण्याचा हात लावत लावत तिंबायचं, परातीत उचलून उचलून आपटायचं. पाऊण तास तरी. उंडा हातावर घेतला की आपल्या वजनाने खाली लांबला पाहिजे आणि मधे तुटता कामा नये. हल्लीच्या मुली पाच मिनिटं मळतात आणि पिठाला नावं ठेवतात.

ओव्हनवाला:
काकू, मांड्याच्या बाबतीत तुमच्यासमोर बोलायची माझी हिंमत नाही. पण खपलीला पाऊण तास तिंबलं तर ती बिघडेल. आपल्या नेहमीच्या गव्हात गुणसूत्रं ४२, खपलीत २८. नेहमीच्या गव्हात जो तिसरा संच असतो, त्यातूनच पावाला लागणारा बराचसा चिवटपणा येतो. खपलीत तो संचच नाही. ग्लुटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारं गव्हातलं प्रथिन, असतं, पण कच्चं. ताणलं तर लांबतं, परत जागेवर येत नाही. जास्त मळलं की तेवढंही तुटतं, मग पीठ चिकट होतं आणि यीस्टने केलेला वायू धरून ठेवत नाही. पाव बसतो आणि गार झाला की कडक होतो.

खापरावरची:
जास्त मळल्याने पीठ बिघडतं हे साठ वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

ओव्हनवाला:
तुम्ही मांड्याला खपली वापरता का?

खापरावरची:
कशाला वापरू? मांड्याला चिकाचा गहू लागतो.

ओव्हनवाला:
मी वेगळं काय म्हणतोय काकू?

शुगर_कंट्रोल:
खपली घेतलीत हे उत्तम केलं. खपली ग्लुटेन फ्री असते, शुगरवाल्यांनी बिनधास्त खावी. आमच्या घरी तीच चालते.

नंदुरबारी_मिरची:
अहो थांबा. वर आत्ताच लिहिलंय की खपलीत ग्लुटेन असतं. खपली हा गहूच आहे. ज्यांना सिलिॲक, म्हणजे ग्लुटेन न चालणारा आजार आहे त्यांनी खपलीला हातही लावायचा नाही. माझ्या नणंदेच्या मुलाला आहे म्हणून चिडून लिहितेय. हे असं वाचून कोणीतरी प्रेमाने खपलीची पोळी वाढतं आणि पोर आठवडाभर झोपून राहतं.

शुगर_कंट्रोल:
मी सिलिॲकबद्दल बोललोच नाही. फायबर जास्त असतं एवढंच म्हणायचं होतं.

नंदुरबारी_मिरची:
मग तेवढंच म्हणा. आणि शुगरवाल्यांनी 'बिनधास्त' खाण्यासारखा गहू अजून पिकलेला नाही.

तापीतीर:
पांझराकाठ ताई, तुम्ही अजून प्रमाण दिलेलं नाही. लसूण कुठे घालता? फुगायला किती वेळ ठेवता? कोणत्या भांड्यात भाजता? सगळं एकदाच लिहून टाका बरं.

पांझराकाठ:
घ्या. पीठ दोन वाट्या, न चाळता, कारण कोंड्यासाठीच तर हे पीठ आणलंय. यीस्ट एक छोटा चमचा, गेल्या दिवाळीतलं पाकीट आहे पण एक्स्पायरी पुढच्या वर्षाची. साखर, मीठ, दोन चमचे तेल. गावरान लसणाचा अख्खा गड्डा ठेचून पिठातच, नाहीतर गार्लिक कसलं? पाणी अंदाजाने, पोळीच्या कणकेएवढं. दोन तास ओट्यावर झाकून. मग लांब वळून ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) १६० वर अर्धा तास. व्हिडिओत असंच होतं. आता सांगा.

तापीतीर:
दोन तास? धुळ्यात? मे महिन्यात?

नंदुरबारी_मिरची:
व्हिडिओवाली बाई स्वेटर घालून होती का बघा :)

बट्टीप्रेमी:
म्हणून म्हणतो बट्टी करा.

ओव्हनवाला:
आता कुठे बोलता येईल. सविस्तर लिहितो, चिडू नका.

सगळ्यात आधी लसूण. ठेचलेल्या कच्च्या लसणात जे तिखट द्रव्य तयार होतं ते जंतूंना मारतं, आणि यीस्टही जिवंतच असतं. गड्डाभर कच्चा लसूण पिठात घातला की यीस्ट निम्मं गारठतं. लसूण पिठात घालूच नका. बारीक चिरून लोण्यात अगदी मंद आचेवर कच्चा वास जाईपर्यंत ठेवा, रंग बदलू देऊ नका, तपकिरी झाला की कडू होतो. कोथिंबीर आणि मीठ घाला आणि स्टिक्स ओव्हनमधून काढल्या काढल्या वरून ब्रशने लावा. वास चौपट येतो, कारण तो भाजून उडून गेलेला नसतो.

यीस्ट उघड्या पाकिटात स्वयंपाकघराच्या फडताळात असेल तर एक्स्पायरीला काही अर्थ नाही. चमचाभर कोमट साखरपाण्यात टाकून बघा. दहा मिनिटांत फेस आला नाही तर नवीन आणा आणि फ्रिजमध्ये ठेवा.

पोळीची कणीक भिजवतो तेवढ्या पाण्यात पाव मऊ होत नाही, खपलीचा तर नाहीच. कोंडा सावकाश पाणी पितो. मळताना सैल वाटलेलं पीठ अर्ध्या तासाने घट्ट होतं. तुमच्याकडे तेच होतंय, आणि उरलेलं पाणी अर्धा तास भाजून उडवताय. १६० वर अर्धा तास म्हणजे टोस्ट करायची कृती. ब्रेडस्टिकला आच कडक आणि वेळ कमी. ओटीजी १५ मिनिटं आधी तापवा, २२० वर १० ते १२ मिनिटं, बस. बाहेर काढून लोणी लावलं की लगेच सुती फडक्याखाली झाका. कडकपणा निम्मा तिथेच जातो.

आता पीठ. निव्वळ खपलीच्या स्टिक्स मैद्याच्या स्टिक्सइतक्या मऊ होणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. मैदा नको तर १२५ ग्रॅम खपली आणि १२५ ग्रॅम बारीक चाळणीने चाळलेलं लोकवन घ्या. खपलीही चाळा, कोंडा पोळीच्या कणकेत घाला, वाया जात नाही. त्यातलं २० ग्रॅम पीठ १०० मिली दुधात मंद आचेवर हलवत शिजवा, खळीसारखं दाट झालं की उतरवा, पूर्ण गार करा. ही खळ पाणी धरून ठेवते, दुसऱ्या दिवशीपर्यंत मऊपणा तिच्यामुळेच टिकतो. मग उरलेलं पीठ, ती खळ, एक छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट, तेवढीच साखर, त्याहून थोडं कमी मीठ, दोन मोठे चमचे तेल, आणि ७० ते ८० मिली गार पाणी हळूहळू. या उन्हाळ्यात कोमट पाणी अजिबात नको.

खापरावरची:
लोकवन घालणारच असशील तर दोन्ही पिठं एकत्र कशाला भिजवतेस? लोकवन आधी वेगळं घे, खळ आणि थोडं पाणी घालून चांगलं दहा-पंधरा मिनिटं तिंब, चिकाला येऊ दे. खपली बाजूला नुसती पाण्यात भिजवून ठेव. मग दोन्ही एकत्र कर, हलक्या हाताने. पुरणाचा आणि उंड्याचा नरमपणा जुळवताना आम्ही हेच करतो, एकाचा नियम दुसऱ्याला लावत नाही.

ओव्हनवाला:
काकू, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ताई, काकू म्हणतात तसंच करा. यीस्ट, मीठ, साखर लोकवनात घाला. एकत्र केल्यावर मळायचं नाही, ओल्या हाताने कडेचं पीठ उचलून मधे दुमडायचं, चार-पाच वेळा. झाकून ठेवा, पाऊण तासात बघा. दीडपट झालं की पुरे, दुप्पट व्हायची वाट बघू नका. खपलीचं पीठ जास्त फुगलं की खचतं. ४२-४३ अंशांत दोन तास ठेवल्यावर ते फुगून, खचून, आंबून मोकळं होत असणार.

तापीतीर:
ओटा तापलेला असेल तर ताट पाण्याच्या परातीत ठेवा. मी श्रीखंडाचा चक्का असाच सांभाळतो. आणि दुपारी दोनला नको, सकाळी करा. आमच्याकडे तर दुपारी लाईटही जाते, पीठ फुगून तयार आणि ओटीजी बंद.

साकरीची_सून:
ओटीजी नसेल तर कढईत मीठ घालून, वर जाळी ठेवून, झाकण लावून होतं. मी केक तसाच करते. आच मध्यम ठेवायची.

पांझराकाठ:
ओटीजी आहे माझ्याकडे.

साकरीची_सून:
दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल म्हणून लिहिलं.

शुगर_कंट्रोल:
लोण्याऐवजी जवसाचं तेल लावलं तर?

नंदुरबारी_मिरची:
तर भाचे परत पुण्याला जातील.

पांझराकाठ:
आज तालीम केली. यीस्टला फेस आलाच नाही, नवीन आणलं. काकूंच्या पद्धतीने दोन्ही पिठं वेगळी भिजवली. लोकवन छान ताणलं जात होतं, खपली मिसळल्यावर हाताला चिकटायला लागलं, पण कोरडं पीठ लावायचा मोह आवरला. भाजल्यावर वास भन्नाट. कडेच्या स्टिक्स मऊ, फडक्याखाली तासभर ठेवूनही मऊ. मधल्या दोन-तीन मात्र आतून ओलसर, बोटाने दाबलं की दबून राहतात. आता हे काय?

ओव्हनवाला:
जाडी किती होती? आणि ट्रेमध्ये एकमेकींना टेकून ठेवल्या होत्या का?

पांझराकाठ:
जाडी आपल्या अंगठ्याएवढी. टेकून नाही, जवळ जवळ.

ओव्हनवाला:
फुगल्यावर टेकल्या असणार. करंगळीएवढ्या वळा, मधे दोन बोटं जागा सोडा, दोन घाणे करा. ट्रे मधल्या खणात ठेवा, आणि आठव्या मिनिटाला एकदा फिरवा, बऱ्याच ओटीजीत मागची बाजू जास्त तापते.

खापरावरची:
आणि वळताना कोरडं पीठ नको, हाताला तेल लाव. पहिला घाणा भाजतोय तोवर दुसऱ्या वळलेल्या स्टिक्स ओल्या फडक्याखाली फ्रिजमध्ये ठेव, नाहीतर तेवढ्यात फुगून बसतील.

बट्टीप्रेमी:
शनिवारी किती जण आहेत? डाळ उरली तर कळवा.

गिरणेचं_पाणी:
उरलेलं खपलीचं पीठ मात्र बाहेर ठेवू नका. कोंड्यासकट दळलेलं पीठ या उन्हात लवकर खवट होतं. घट्ट डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. पुढच्या वेळी पीठ न घेता गहूच घ्या आणि लागेल तेवढा दळून आणा. दाणा लांबट, टोकदार आणि लालसर असतो. गोल, पिवळट दाणा खपली म्हणून दाखवला तर दुसऱ्या दुकानात जा.