बी-४०२ चा अँगल कॉक आणि आपला नवा प्लंबर

बी-४०२ काकू, सोमवार सकाळी ८:१०
काल दुपारचा प्रकार बऱ्याच जणांच्या कानावर गेलाय, म्हणून मीच सांगते. आमच्या फ्लश टँकचा अँगल कॉक, म्हणजे टाकीचं पाणी बंद-चालू करायचा भिंतीवरचा छोटा नळ, महिनाभर ठिबकत होता. ए-१०४ मधला आपला मुलगा आता स्वतः प्लंबिंगची कामं घेतो, म्हणून त्याला बोलावलं. त्याने पाना लावून फिरवला तर कॉक हातात आला आणि मागचा आट्यांचा तुकडा भिंतीतच राहिला. पाण्याची धार थेट समोरच्या दारावर. पोरगा धावत गच्चीवर गेला, पण तिथे सगळे व्हॉल्व्ह एकसारखे. आमची लाइन सापडेपर्यंत २० मिनिटं गेली, पाणी हॉलपर्यंत आलं. शेवटी डी-१०३ चे काका आले तेव्हा काम मार्गी लागलं. पोराने रात्री ९ पर्यंत थांबून माझ्याबरोबर फरशी पुसली आणि एक रुपयाही घेतला नाही. त्याला पुढे कामं द्यायची की नाही, हे आपण सोसायटीच्या या ग्रुपवर मोकळेपणी बोलू या. लिफ्टमधली कुजबुज नको.

बी-३०२, ८:२४
आमच्या पॅसेजचं पीओपी फुगलंय. मुलगा सरळ आहे, त्याबद्दल वाद नाही. पण शिकायचं ते लोकांच्या घरात नको, एवढंच माझं म्हणणं आहे.

सी-५०३, ८:२६
सहमत. दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील, अनुभवी माणूसच बोलवावा.

ए-१०४, ८:५१
नमस्कार काका, काकू. चूक माझीच आहे. पाणी बंद न करता पाना लावायला नको होता. मी आयटीआयचा प्लंबर ट्रेड केलाय, १ वर्षाचा. नंतर ८ महिने एका कॉन्ट्रॅक्टरकडे साइटवर होतो. तिथे ३ महिन्यांची मजुरी अडकली म्हणून सोडलं. साइटवर सीपीव्हीसीच्या, म्हणजे प्लास्टिक पाइपच्या लाइन टाकल्या, ड्रेनेजचे उभे पाइप लावले, जॉइंट तर शेकड्याने मारले. पण तिथे सगळा माल नवा. जुनी जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपची लाइन मी काल पहिल्यांदा उघडली, आणि ते काकूंना आधी सांगायला हवं होतं. ३०२ काका, पीओपीचा खर्च मी देईन. एकदम जमणार नाही, दर महिन्याला थोडे थोडे देतो.

ए-३०१ ताई, ९:०३
मला एक सांगायचंय. मागच्या महिन्यात त्याने आमच्या बेसिनचं वेस्ट कपलिंग बदललं. गळती थांबली, ओट्याखालचा कचरासुद्धा स्वतः भरून नेला. पैसे विचारले तर "राहू द्या ताई" म्हणाला आणि मीही पाकीट परत आत ठेवलं. बाहेरच्या माणसाला ३०० दिले असते. आज ते आठवून वाईट वाटतंय. आत्ताच पाठवलेत रे, बघ.

डी-१०३ काका, ९:४०
मी ३४ वर्षं हेच काम केलं. आधी हेल्पर, मग मिस्त्री, शेवटी ठेकेदार. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपली इमारत २००४ ची. भिंतीत जीआयचे पाइप, आणि पाणी टँकरचं नाहीतर बोअरचं, म्हणजे जड. पाइप आतून गंजतो. आटे पाडताना तिथलं लोखंड निघून गेलेलं असतं, त्यामुळे तीच जागा सगळ्यात पातळ आणि तुटतोही तिथेच. तो निपल, म्हणजे पाइप आणि कॉक जोडणारा आट्यांचा तुकडा, इतका कुजला होता की काल माझ्या हातातही तुटला असता. मी पाणी आधी बंद केलं असतं, एवढाच फरक.

डी-१०३ काका, ९:५२
भिंतीतला तुकडा मी काढला नाही, त्याच्याकडून काढून घेतला. तो टाइल फोडायच्या तयारीत होता. त्याला म्हटलं, थांब. हॅक्सॉ ब्लेडचा अर्धा तुकडा घे, धरायच्या बाजूला फडकं गुंडाळ. आतून दोन चिरा पाड, जवळजवळ. पाते सॉकेटच्या, म्हणजे निपल ज्यात बसतो त्या भिंतीतल्या जोडाच्या आट्यांना लागता कामा नये, लागलं तर मग खरंच भिंत फोडावी लागते. चिरा पडल्या की मधली पट्टी बारीक छन्नीने आत दुमडायची. गंजलेलं कडं सैल होतं आणि पकडीने फिरवून बाहेर येतं. पोराने पाऊण तास घेतला, पण एक आटा दुखावला नाही. मग नवा पितळी निपल, टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने, आणि नवा कॉक. काकू, टाइल शाबूत आहे ना?

बी-४०२ काकू, ९:५५
हो, चरासुद्धा नाही. सकाळी टॉर्च लावून बघितलं, कोरडं ठणठणीत आहे.

डी-१०३ काका, १०:१५
आता बाळा, हे तुझ्यासाठी. सगळ्यांसमोर लिहितोय, कारण घरमालकांनीही वाचावं.

व्हॉल्व्ह फिरवला म्हणजे पाणी बंद झालं असं धरू नकोस. जुना गेट व्हॉल्व्ह पुरता बसत नाही. त्याच बाथरूममधला खालचा नळ उघड आणि धार तुटेपर्यंत उभा राहा. पिशवीत अर्ध्या इंची दोन प्लग आणि पाऊण इंची एक, कायम. काल एक प्लग असता तर तू दोन मिनिटांत तोंड बंद केलं असतंस.

सध्या वायसर, स्पिंडल, अँगल कॉक, फ्लशचा बॉल कॉक, बेसिनचं वेस्ट, जेट ही कामं घे. रोजची कामं हीच, आणि ओळख यातूनच होते. भिंतीतला डायव्हर्टर (पाणी नळ किंवा शॉवरकडे वळवणारा) आणि वरच्या मजल्यावरून येणारी ओल सध्या घेऊ नकोस. ओलीत तर मुरलेले मिस्त्रीसुद्धा फसतात. वरचं घर चार दिवस बंद असूनही ओल वाढत असेल, तर संशय प्रेशरच्या लाइनवर, म्हणजे कायम पाणी भरलेल्या पाइपवर. अंघोळीनंतरच ओलं होत असेल, तर नहाणी ट्रॅप किंवा टाइलच्या फटी. हे न बघता छन्नी लावली की मालकाचे हजारो रुपये जातात आणि तुझं नाव जातं. "हे मला अजून जमत नाही, मी काकांना घेऊन येतो" असं म्हण. मी येईन.

सी-५०३, १०:२२
काका, हे वाचून माझं मत बदललं. पण मग त्याचा दर काय धरायचा? दर वेळी घासाघीस बरी नाही दिसत.

डी-१०३ काका, १०:३१
त्यानेच ठरवावा आणि काम सुरू करण्याआधी सांगावा. माझा सल्ला: येऊन बघायचे १५०, काम केलं तर ते मजुरीत धरून. सामान वेगळं, दुकानाच्या पक्क्या बिलावर. मोठी खरेदी असेल तर मालकाला घेऊन बोहरी आळीच्या हार्डवेअर बाजारात जायचं. दुकानदार मिस्त्रीला टक्का देतो, ही रीत जुनी आहे, मीही घेतलाय. बाळा, तू तो बिलातच कमी करून घे. वर्षभरात लोक तुला किल्ली देऊन ऑफिसला जातील.

आणि सीपीव्हीसीचा जॉइंट मारलास की "आत्ताच पाणी सोड" या आग्रहाला बळी पडू नकोस. सोल्युशनच्या डब्यावर लिहिलेली वेळ पाळायची. मी तर २४ तास थांबतो.

बी-१०१ दादा, ११:०५
त्याला पीएम विश्वकर्मामधून अवजारांचे पैसे मिळतील ना?

सी-२०१ सेक्रेटरी, ११:१२
नाही, मी बघितलं. २०२३ ला सुरू झालेल्या त्या योजनेत १८ व्यवसाय आहेत. सुतार, गवंडी, कुलूप बनवणारे वगैरे. प्लंबर नाही. त्याला मुद्रा कर्ज चालेल. शिशु गटात ५०,००० पर्यंत मिळतं, तारण लागत नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणीही करून टाक रे, आधारवर ऑनलाइन होते आणि पूर्ण मोफत असते. कोणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नकोस. जीएसटीची काळजी सध्या नको, सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांवर गेली तरच तो प्रश्न येतो.

ए-१०४, ११:२०
धन्यवाद सर. एकाने उद्यमसाठी १,२०० सांगितले होते. पाइप पाना, ड्रिल आणि चोकअप काढायची स्प्रिंग एवढंच आत्ता घ्यायचंय. मोठं कर्ज नको.

सी-४०२, ११:३४
मागच्या गेटजवळचं ड्रेनेजचं चेंबर पुन्हा भरलंय. तो आत उतरून बघेल का? आपण पैसे देऊ.

डी-१०३ काका, ११:३६
नाही. उतरणार नाही.

डी-१०३ काका, ११:४४
जरा जोरात लिहिलं गेलं, पण यात तडजोड नाही. चेंबर असो की सेप्टिक टँक, आत हायड्रोजन सल्फाइड साठतो. थोडा असेपर्यंत सडक्या अंड्याचा वास येतो, जास्त झाला की नाकच बधिर होतं. माणूस "काही वास नाही" म्हणून उतरतो आणि उठत नाही. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. माणसाला असं विनासुरक्षा गटारात उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि गुन्हेगार उतरवणारा असतो, म्हणजे आपण. जेटिंगची, म्हणजे पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने गटार साफ करणारी गाडी बोलवा. बाळा, पाच हजार दिले तरी उतरायचं नाही. तसंच बंद बाथरूममध्ये गॅस गिझर लावायला सांगितला तर सरळ नाही म्हण. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नसतो.

सी-४०२, ११:५०
माझ्या हे डोक्यातच आलं नाही. माफ करा. गाडीसाठी फोन करतो.

ए-१०४ आई, १२:१५
काका, काल रात्री तो जेवला नव्हता. सकाळी म्हणत होता, पुन्हा साइटवर जातो. तुमचे मेसेज वाचून आत्ता पिशवी आवरत बसलाय. फार आभार.

बी-३०२, १२:४०
वहिनी, त्याला सांगा पीओपीचे पैसे नकोत. ते तसंही दिवाळीला काढायचंच होतं. सकाळी मी जरा तोडून बोललो. पण व्हॉल्व्हवर नंबर असते, तर पाणी पाच मिनिटांत थांबलं असतं. ती चूक त्याची नाही, सोसायटीची आहे.

सी-२०१ सेक्रेटरी, १:०५
बरोबर. वीस वर्षांत आपण ते केलं नाही. सगळ्या विंगच्या गच्चीवर मिळून २२ व्हॉल्व्ह आहेत. कुठला कुठल्या लाइनचा, हे शोधून प्रत्येकाला पत्र्याचा बिल्ला लावायचं काम मी ए-१०४ ला देतोय. कमिटीतल्या दोघांशी बोललोय. मजुरी ३,५००, बिल्ले आणि तार सोसायटीची. जाम झालेले किंवा पुरते न बसणारे व्हॉल्व्ह त्याने वेगळे लिहून द्यावेत. काका, तुम्ही पहिल्या दिवशी बरोबर राहाल का?

डी-१०३ काका, १:०९
राहीन. जिना मात्र सावकाश चढणार.

ए-१०४, १:१४
काका, मी खुर्ची वर नेऊन ठेवतो. सर, एक विनंती. एकेक व्हॉल्व्ह बंद केला की कोणाकडे पाणी गेलं ते कळायला हवं. सगळ्यांनी ग्रुपवर लगेच फ्लॅट नंबर आणि "किचन" किंवा "बाथरूम" एवढं लिहिलं तर एका दिवसात होईल.

सी-२०१ सेक्रेटरी, १:३०
सूचना: बुधवारी सकाळी १० ते दुपारी १ सगळ्या विंगचं पाणी आळीपाळीने बंद-चालू होईल. पिण्याचं पाणी आधी भरून ठेवा. वॉशिंग मशीन आणि गिझर त्या वेळेत लावू नका. नळ कोरडा पडला की इथे लिहा.

बी-४०२ काकू, १:३२
मी घरीच आहे. आणि बाळा, परवा येशील तेव्हा किचनच्या नळाचा वायसर बघून जा. व्हॉल्व्ह बंद करून.