'रेफरल'ला मराठीत काय म्हणाल?

गुऱ्हाळ : खतं-बियाणं विकणाऱ्या एका दुकानदाराची वेबसाइट मराठीत करतोय. जुन्या गिऱ्हाईकाला स्वतःची लिंक मिळते, तिच्या शेपटाला त्याचा 'रेफरल' कोड. त्यावरून कुणी आलं की ब्राउझरमध्ये कुकी, म्हणजे कुणाच्या लिंकवरून आला त्याची छोटी नोंद, बसते आणि ३० दिवसांत नोंदणी झाली तर जुन्याच्या खात्यात ५० रुपये. कोड हातानेही टाकता येतो. त्या चौकटीवर मी 'संदर्भ कोड' लिहिलं. लोकांनी काय भरलं? गट नंबर, पीकविम्याच्या अर्जाचा नंबर, एकाने तर बायकोचा आधार नंबर. त्यांचं तरी काय चुकलं, सरकारी पत्रात 'संदर्भ :'पुढे असलंच काहीतरी असतं. दुसरा शब्द सुचवा.

तर्रीदार : संदर्भ बरोबरच आहे. आमच्या नाशकात संदर्भ सेवा रुग्णालय आहे. दुसऱ्या दवाखान्याने चिठ्ठी देऊन पाठवलेला पेशंट तिथे येतो. 'संदर्भला नेलंय' म्हटलं की कळतं.

मोडीवाचक : शिफारस?

गुऱ्हाळ : शिफारशीत शब्द टाकणं आलं. हे लोक नुसती लिंक ग्रुपवर चिकटवतात.

कोरा कागद : मग 'वशिला कोड' ठेवा. तट्टू किती आले तेही मोजता येईल.

शुद्धमती : शिफारस फारसी, वशिला अरबी. मराठीत फक्त हेच शब्द उरलेत का? 'निर्देशक संकेतांक' घ्या.

कोरा कागद : तुमच्या वाक्यातला 'फक्त' अरबी आहे. आणि तो संकेतांक मोबाइलच्या चौकटीत मावणार कसा?

मोडीवाचक : 'मार्फत' कसा वाटतो? मी पुण्यात काकांकडे राहून शिकलो. आईच्या आंतरदेशीवर माझ्या नावाखाली 'मार्फत' आणि पुढे काकांचं नाव. मूळ अरबी शब्दाचा अर्थच जाण, ओळख. काकांच्या ओळखीवरच मी त्या वाड्यात होतो.

शुद्धमती : पुन्हा अरबी! 'द्वारा' काय वाईट आहे?

सर्व्हररूम : मूळ इंग्रजीतच घोळ आहे. आपण कोणत्या पानावरून आलो हे ब्राउझर ज्या हेडरमधून, म्हणजे पानाच्या मागणीसोबत जाणाऱ्या ओळीतून, सांगतो, त्या 'रेफरर'च्या स्पेलिंगमध्ये एक 'आर' कमी आहे. १९९६च्या एचटीटीपी १.० च्या, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरने आपसात कसं बोलायचं त्या नियमांच्या, दस्तऐवजात तसंच छापलं गेलं, आजही तेच चालतं. नंतरच्या 'रेफरर-पॉलिसी'त मात्र 'आर' पुरे आहेत.

शुद्धमती : म्हणूनच म्हणते, आधी शुद्धलेखन.

सर्व्हररूम : उलट आहे, ताई. आता शुद्ध लिहिलंत तर प्रोग्रॅम चालणार नाही.

विहीणबाई : आमच्यात 'स्थळ कुणी सुचवलं?' असं विचारतात. 'कुणी सुचवलं?' एवढंच लिहा की. मात्र जपून. भाचीला स्थळ आधी मामींनी सुचवलं, तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. वर्षाने तेच स्थळ शेजारच्या काकूंनी आणलं आणि जमलं. मानाची साडी काकूंना. मामी अजून बोलत नाहीत.

गुऱ्हाळ : अहो, आमचं भांडण हेच! एकाने दोघांच्या लिंकवर टिचकी मारली तर ५० रुपये कुणाचे? आमच्याकडे नवी कुकी जुनीला पुसते, म्हणजे पैसे काकूंनाच.

तर्रीदार : मामींवर अन्याय आहे हा.

शुद्धमती : 'टिचकी' सुंदर शब्द! क्लिकला हाच रूढ व्हायला हवा.

कोरा कागद : टिचकी कपाळावर मारतात. माउसवर बोट दाबतात.

मोडीवाचक : 'टिचकी' आणि काच 'टिचणे' यांचं मूळ एकच का?

विहीणबाई : साडी पैठणी होती हो.