आजोळचं जुनं सामान आणि नवा फ्लॅट, मेळ कसा घालायचा?

निळी_खिडकी:
नमस्कार मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे. पुण्यात बावधनला टू बीएचके घेतलाय, दिवाळीनंतर राहायला जायचंय. आणि नेमकं आत्ताच वाईचं आमचं आजोळचं घर विकायचं ठरलंय, मामानं सगळ्या भाचरांना सांगितलंय की ज्याला जे हवं ते घेऊन जा, उरलेलं भंगारवाल्याला जाईल. मला तर सगळंच हवंय हो! आरशाचं शिसवी कपाट, आजीचा अंथरुणांचा पेटारा, पितळी घंगाळ, तांब्याचा बंब, पाट, लोलकाचं किल्लीचं घड्याळ आणि माजघरातला झोपाळा, पितळी कड्यांसकट. नवऱ्यालाही आवडतं हे सगळं, पण त्याला घर मोकळं, सुटसुटीत हवंय. राखाडी सोफा आणि पांढरं मॉड्युलर किचन ठरून गेलंय. इंटिरियरवाली म्हणते एक काहीतरी धरा, एकतर पूर्ण ट्रॅडिशनल नाहीतर पूर्ण मॉडर्न, मिक्स केलं की गोंधळ दिसतो. मला भिंतीवर सूप-कंदील टांगलेलं थाळीचं हॉटेलही नकोय आणि शोरूमही नकोय, आत आल्यावर आमचं घर वाटलं पाहिजे. काय आणू, काय सोडू? तुम्ही कसं जमवलंत?

चाफा_दारी:
ताई, घाईनं काही सोडू नका आणि सगळं आणूही नका. आमचं डोंबिवलीला वन बीएचके आहे, त्यात सासूबाईंकडचं आणि माझ्या माहेरचं असं दोन्हीकडचं सामान नांदतंय, आणि नियम एकच, जुन्या वस्तूला घरात रोजचं काम पाहिजे. पेटारा सोफ्यासमोर टीपॉय म्हणून आहे, आत पाहुण्यांच्या गाद्या-चादरी, म्हणून वर काच टाकली नाही, सारखा उघडावा लागतो ना. घंगाळात लेकीची खेळणी असतात, कडीला धरून तीच ओढत नेते. (घंगाळाला भोक पाडून कुंडी करू नका प्लीज, झाड ठेवायचंच असेल तर आत वेगळी कुंडी ठेवा आणि खाली पाणी साचू देऊ नका, पितळ हिरवं पडतं.) पाट सणाला पंगतीला, एरवी मुलांना खाली बसून चित्रं काढायला.

आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगते, सगळ्यात आधी दिवे बदला! नव्या फ्लॅटमध्ये बहुतेक ठिकाणी ते पांढरेफेक ६५०० केल्विनचे एलईडी असतात, त्या उजेडात शिसव नुसतं काळं दिसतं आणि पितळ निस्तेज. २७०० ते ३००० केल्विनचे वॉर्म लावा, तेच कपाट लालसर-जांभळट उठून दिसतं, रेघ न् रेघ कळते. राखाडी सोफ्याची पण काळजी करू नका, त्यावर खणाचे दोनच अभ्रे टाका, गर्द हिरवा किंवा जांभळा, बाकी साधं राहू दे. फक्त खण आणि इरकल खिडकीच्या थेट उन्हात नको, रंग विटतो.

रंधा:
मी जुनं फर्निचर दुरुस्त करतो म्हणून कामाचं तेवढं लिहितो. सामान टेम्पोत चढवायच्या आधी तिथेच तपासा. लाकडाला टाचणीएवढी भोकं आणि खाली मैद्यासारखी ताजी पूड दिसली तर भुंगा जिवंत आहे, औषध सिरिंजने भोकात सोडून वस्तू प्लास्टिकमध्ये गुंडाळून थोडे दिवस तशीच ठेवायची आणि मगच नव्या घरात न्यायची. फर्निचरला मागून मातीच्या रेघा असतील तर ती वाळवी, ती बघून घेणारा माणूस वेगळा. अस्सल शिसवाच्या किंवा सागाच्या गाभ्याला सहसा काही होत नाही, पण कपाटाची मागची फळी आणि ड्रॉवरचे तळ बऱ्याचदा हलक्या लाकडाचे असतात, कीड तिथे बसते.

दुसरं पॉलिश. कुणीही सुतार म्हणेल घासून टाकू, नवं करून देतो. लगेच हो म्हणू नका. जुन्या कपाटावर बहुतेक चपडा लाखेचं फ्रेंच पॉलिश असतं, स्पिरिटमध्ये विरघळतं, म्हणजे खराब झालेला तेवढाच भाग पुन्हा करता येतो. आधी ओल्या, घट्ट पिळलेल्या कपड्यानं पुसून बघा, निम्मं काळं म्हणजे नुसता धूर आणि तेलकट मळ असतो. मेलामाइन किंवा पीयूचं (पॉलियुरेथेनचं) पॉलिश मारलं की चकचकीत होतं पण शंभर वर्षांच्या लाकडावर प्लास्टिकची साल बसल्यासारखं दिसतं, मला ते बघवत नाही. पेटाऱ्यावर गरम कप ठेवणार असाल तर मात्र खाली काहीतरी ठेवा, लाखेवर पांढरी वर्तुळं उठतात.

आणि लिफ्टचं माप घ्या. जुनी मोठी कपाटं खूपदा सुटी होतात, माथ्याची पट्टी, दारं, बाजू सगळं खुंट्यांवर असतं. फोटो काढत काढत सोडवा, भागांवर खडूनं नंबर घाला.

कौलारू:
इंटिरियरवालीचं मला अजिबात पटलं नाही. आपल्या आज्यांच्या घरात तरी एकच स्टाइल कुठे होती हो? फरशी शहाबादी, म्हणजे कर्नाटकातली. कौलं मंगलोरी, ती बासेल मिशन या परदेशी मिशनऱ्यांच्या कारखान्यात १८६० च्या दशकात निघायला लागली. घड्याळ कुणाकडे जपानी, कुणाकडे जर्मन. भिंतीवर रविवर्मा प्रेसमधली लक्ष्मी, ती १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या छापखान्यात जर्मन यंत्रांवर छापलेली. त्या काळच्या माणसांनी त्यांच्या वेळची नवीकोरी वस्तू आणून समईशेजारी लावली आणि आज आपण त्या सगळ्याला मिळून पारंपरिक म्हणतो. तेव्हा राखाडी सोफा आणि शिसवी कपाट एका खोलीत आलं तर तुम्ही आजीनं केलं तेच करताय.

चाफाताईंचा नियम छान आहे पण मी तो सगळीकडे लावणार नाही. बंबाला फ्लॅटमध्ये काय काम असणार? तरी आणा. फक्त एका कोपऱ्यात एकटा उभा करा, आसपास झाड नको, मूर्ती नको, मागची भिंत कोरी. जुन्या वस्तू एकत्र गोळा केल्या की संग्रहालय होतं, एकेक सुटी ठेवली की नजर तिच्यावर ठरते. एका खोलीत एकच मोठी जुनी वस्तू, असं मी धरतो. एकदा केळकर संग्रहालयात सवडीनं जाऊन या. नुसते अडकित्ते आणि दिवे बघितले तरी कळतं की रोजच्या वापराच्या वस्तूवर लोकांनी किती जीव लावलाय, आणि कुठलं काम तुमच्या डोळ्यांना आवडतं तेही कळतं. पोचे आलेलं घंगाळ किंवा सुटलेली कडी असेल तर कसबा पेठेत तांबट आळीत विचारा. बंब लखलखीत घासलाच पाहिजे असं काही नाही, तांब्याचा तो तपकिरी रंग मला तरी चकाकीपेक्षा आवडतो.

आणि जागा रिकामी दिसली म्हणून बाजारातून ‘अँटिक’ आणून भरू नका. खूपसं पितळ हल्लीच ओतून ॲसिड मारून काळं केलेलं असतं. तुमच्याकडे खरं आहे, तेवढंच पुरे.

निळी_खिडकी:
बाप रे, किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! कौलारू दादा, तुमचा पहिला पॅरा नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवला, त्यालाही तंतोतंत पटला. आता असं ठरतंय, हॉलमध्ये पेटारा, बेडरूममध्ये कपाट आणि तिथलं नवीन वॉर्डरोब एका दारानं कमी करायचं, बंब दाराशी. पाट मावसबहिणीबरोबर वाटून घेणार, तिलाही हवेत. घड्याळ जेवणाच्या टेबलावरच्या भिंतीवर, पण ते वाईला नीट चालायचं, इथे पुण्यात भाड्याच्या घरी लावून बघितलं तर पाच मिनिटांत थांबतं. आणि झोपाळ्याचं काय करू? हॉलमध्ये फॉल्स सीलिंग आहे, आतून स्लॅबला हूक मारून देतो म्हणाला काँट्रॅक्टर.

रंधा:
घड्याळ बहुतेक बिघडलेलं नाही, तिरकं लागलंय. डोळे मिटून ऐका, टिक आणि टक यांच्यामधलं अंतर सारखं आलं पाहिजे. लंगडत असेल तर खालचा भाग केसभर डावी-उजवीकडे सरकवत जा, आवाज सारखा झाला की तिथेच पेन्सिलनं खूण करा. चालायला लागलं की आठवड्यातून एकदा ठरलेल्या वारी किल्ली द्या.

झोपाळ्याला मात्र काँट्रॅक्टरच्या शब्दावर हूक मारू देऊ नका. वाईला तो झोपाळा सागवानी तुळईला होता, इथे पाचेक इंची स्लॅब आणि आतून वायरिंगचे पाइप गेलेले. तिघं बसून झोके घेणार म्हणजे नुसतं वजन नाही, हिसका असतो. शिवाय रेरा कायद्यात बांधकामातल्या दोषाला ताबा मिळाल्यापासून ५ वर्षं बिल्डर जबाबदार असतो, तुम्हीच स्लॅबला भोकं पाडलीत तर उद्या तो तेच पुढे करेल. स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवा, तो बीमला धरून करा म्हणाला तर करा. नाहीतर साधी काळी लोखंडी चौकट बनवून घ्या, नक्षी नको, रंग मॅट, पाय रुंद. आजीची फळी आणि त्याच पितळी कड्या त्यात छान दिसतील. ऑर्डर द्यायच्या आधी फळीची लांबी आणि कड्यांची उंची मोजून इथे टाका, चौकटीचं माप मी काढून देतो.